मिरचीची पानं पुन्हा पुन्हा आखडतात? कुंडीपासून कृषी सहायकापर्यंतची तपासणी

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीत कुणाच्या बाल्कनीतली मिरची बिघडली की फोटो माझ्याकडे येतो. फोटो बहुतेक वेळा सारखाच: शेंड्याची पानं आखडून गोळा झालेली, आणि खाली दोन शब्द, "काय मारू?" शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात, कुठे बोकड्या म्हणतात. हे दुखणं परत परत येतं कारण औषध एका कारणावर मारलं जातं आणि कारण भलतंच असतं. म्हणून आधी काय झालंय ते बघू, काय मारायचं ते मागून.

लक्षणं

शेंड्याकडची कोवळी पानं वळतात, लहान राहतात, कधी जाड आणि कडक होतात. काही झाडांची पानं होडीसारखी वरच्या बाजूला वळतात, काहींची खाली. फुलं येतात आणि गळतात. मिरची धरलीच तर वाकडी, सालीवर खरबरीत तपकिरी चट्टे. झाड गुडघ्याच्या वर जातच नाही. दुकानातून आणलेलं कुठलंतरी औषध मारल्यावर आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

एक गोष्ट पहिल्यांदाच डोक्यात पक्की करा: वळलेलं पान परत सरळ होत नाही. उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून कळणार नाही, नव्या फुटीवरून कळेल. निम्मे लोक जुनीच पानं बघत बसतात आणि "काहीच फरक नाही" म्हणून तिसऱ्या दिवशी दुसरी बाटली उघडतात.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सकाळी सातला आणि दुपारी दोनला, दोन्ही वेळा झाड बघा. दुपारी वळलेलं आणि सकाळी सरळ असेल तर ती उन्हाची सोय आहे, रोग नव्हे. एप्रिल-मेमध्ये सिमेंटच्या कठड्यावरची मिरची असंच करते, पानं मिटून पाणी वाचवते. दुपारपुरती सावली धरली, हिरवी जाळी बांधली की काम झालं. इथेच थांबा.

मग कुंडीच्या आसपास बघा. एसीचं बाहेरचं यंत्र तिच्यावर गरम हवा फेकतंय का? नवी मुंबईतल्या चिंचोळ्या बाल्कन्यांमध्ये हे इतकं आढळतं की मी फोटो मागायच्या आधी हाच प्रश्न विचारते. गरम वाऱ्याने पानांच्या कडा वाळतात आणि यंत्राच्या बाजूची पानं जास्त वळतात, पलीकडची चांगली असतात. झाडाची एकच बाजू बिघडलेली दिसली तर कीड शोधायच्या आधी कुंडी हलवा.

कुंडी उचलून बघा. पाणी घातल्याला दोन दिवस होऊनही जड असेल तर खालचं भोक बुजलंय आणि मुळं गुदमरलीत. मिरचीला चिखल अजिबात चालत नाही. भोकात काडी घालून मोकळं करा, कुंडीखालची ताटली काढून टाका. आमच्याकडच्या पावसात, जून ते सप्टेंबर, ताटली ठेवणं म्हणजे झाड बुडवणंच.

कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे का तेही बघा. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी बरेच दिवस घातलं, किंवा खत हात सैल सोडून घातलं, की क्षार साठतात. कोकोपीट न धुता वापरलं तरी हेच होतं, कारण त्यात मुळातच मीठ असतं. पानाच्या कडा करपतात, टोकं वाळतात. उपाय फुकटातला: साधं नळाचं पाणी भरपूर ओतून खालून वाहू द्यायचं, दोन-तीनदा, आणि महिनाभर खत बंद.

आणखी एक शंका, खास मोठ्या संकुलांसाठी. लॉनवर तणनाशक फवारलं होतं का? २,४-डी प्रकारच्या तणनाशकाचा नुसता वारा लागला तरी टोमॅटो-मिरचीची पानं पिळवटतात, दोरीसारखी लांबट अरुंद होतात. तळमजल्यावरच्या आणि बागेलगतच्या सगळ्यांच्याच झाडांना एकाच आठवड्यात असं झालं असेल तर सोसायटीच्या व्यवस्थापकाला विचारा. यावर औषध नाही. हलका मारा असेल तर नवी फूट सरळ येते, नाहीतर झाड गेलं म्हणायचं.

पान उलटून बघणे

बहुतेक निकाल इथेच लागतात, म्हणून इथे घाई करू नका.

पान वर वळलंय की खाली? वर वळून होडी झाली असेल, मधल्या शिरेजवळ चंदेरी किंवा तांबूस ओरखडे असतील, तर संशय फुलकिड्यांवर. खाली वळलं असेल, पान अरुंद, काळपट हिरवं, हातात घेतल्यावर कडकडीत, आणि देठ नेहमीपेक्षा लांब, तर संशय कोळ्यावर (जाळं विणणारा नव्हे, पानाचा रस शोषणारा सूक्ष्म जीव, इंग्रजीत माइट). पान लहान राहून शिरा जाड झाल्या असतील, पिवळट-हिरवा गोंधळ दिसत असेल आणि हलवल्यावर पांढऱ्या माशा उडत असतील, तर विषाणू. पानं चिकट आणि मुंग्यांची रांग लागलेली असेल तर मावा.

हे नियम शंभर टक्के नाहीत. एकाच झाडावर फुलकिडे आणि कोळी दोन्ही असले की काही पानं वर, काही खाली. पण दहातली सात झाडं एवढ्यावर वेगळी काढता येतात.

पुढचं साधन म्हणजे पांढरा कागद. शेंडा आणि दोन-चार फुलं कागदावर धरून बोटाने टिचकी मारा. मिनीटभर कागदाकडे नीट बघा. पिवळसर, धाग्याच्या तुकड्याएवढे लांबट जीव चालायला लागले तर ते फुलकिडे. फुलं वगळू नका. २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणातल्या मिरचीचं ज्यांनी भयंकर नुकसान केलं ते नव्या जातीचे काळपट फुलकिडे फुलांत दाटीने बसतात, आणि फूल झटकलं नाही तर तुम्हाला ते दिसतच नाहीत. फुलांतून काळपट जीव ढिगाने पडले तर घरच्या उपायांच्या भरवशावर राहू नका, खाली दिलेल्या ठिकाणी कळवा.

कोळी मात्र कागदावर सहसा सापडत नाही. तो नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. घड्याळजी वापरतात तसलं भिंग किंवा मोबाइलला लावायचं क्लिपचं भिंग घ्या आणि शेंड्याच्या अगदी कोवळ्या पानाची खालची बाजू उन्हात धरा. पारदर्शक पिवळसर ठिपके संथपणे सरकताना दिसतील. मधे मधे अंडी असतात, त्यांवर पांढऱ्या टिकल्यांच्या ओळी. एकदा ही अंडी पाहिली की पुढे ओळख चुकत नाही. भिंग घ्यायचं नसेल तर पानाच्या वळणावर आणि देठाच्या लांबीवर विसंबा.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा जीव आहे. कीटकनाशकं बहुतेक वेळा त्याचं काही करत नाहीत, उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि तो दुप्पट जोमाने वाढतो. दुकानातली बाटली मारल्यावर मिरची आणखी बिघडली, ही तक्रार येते तेव्हा नव्वद टक्के वेळा पानं खाली वळलेली असतात. आकडा माझ्या अंदाजाचा आहे, पण पैज लावायला मी तयार आहे.

मोसमही सुगावा देतो. फेब्रुवारी ते मेच्या कोरड्या हवेत फुलकिडे जोरात, पावसाळी दमट उकाड्यात हा कोळी. ठाण्यात दोन्ही मोसम मिळतात, त्यामुळे मार्चमध्ये चाललेलं औषध ऑगस्टमध्ये नापास होतं.

स्वस्तातले उपाय, या क्रमाने

पहिलं औषध पाणी. रोज सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर जोरात फवारा, लागोपाठ आठवडाभर. मावा आणि फुलकिडे बरेचसे वाहून जातात. संध्याकाळी नको, रात्रभर पानं ओली राहिली की बुरशी येते.

शेंड्याची सगळ्यात वाईट फूट दोन बोटांनी खुडून टाका. पिशवीत बांधून कचऱ्यात, कंपोस्टात नाही. बिघडलेली कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा. जास्वंद आणि मोगरा शेजारी असतील तर त्यांचीही पानं उलटून बघा. पांढरी माशी आणि कोळी तिथे मजेत राहतात आणि मिरची स्वच्छ केली की परत येतात. फक्त मिरचीवर उपचार करणाऱ्यांना हा त्रास जन्मभर सुटत नाही.

मग निंबोळी अर्क. घरगुती प्रमाण लिटरला ५० ग्रॅम निंबोळी पूड, रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून. त्यात पातळ साबणाचे थोडे थेंब. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. तयार निंबतेल घेतलं तर लेबलवरचं प्रमाण पाळा. ऊन उतरल्या उतरल्या, रात्रीआधी पानं वाळतील अशा बेताने, पानांच्या खालून. दर पाच-सात दिवसांनी, तीन वेळा. एकदा मारून सोडून दिलं तर अंड्यांतून नवी पिढी निघते आणि आपण म्हणतो की निंबोळीत दम नाही.

कोळी आहे हे नक्की झालं तरच पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्के भुकटी, लिटरला २ ग्रॅम. पारा ३२-३३ च्या वर असताना गंधक नको, पानं भाजतात. निंबतेल आणि गंधक यांच्यात निदान पंधरा दिवसांचं अंतर ठेवा, तेलावर गंधक पडलं तर झाड जळतं.

निळे चिकट सापळे फुलकिड्यांसाठी, पिवळे पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी. बाल्कनीत ते कीड संपवत नाहीत, ती आली हे सांगतात. तेवढ्यासाठी एक पुरे.

विषाणूचं लक्षण असेल तर यातलं काहीही करू नका. झाड मुळासकट उपटा. विषाणूवर औषध नाही, कुठेच नाही, कोणी विकत असेल तर तो माशीवरचं औषध विकतोय. पांढरी माशी एकदा आजारी झाडाचा रस प्यायली की मरेपर्यंत विषाणू वाहते, त्यामुळे जीव लागलेलं एक झाड ठेवून तुम्ही शेजारच्या चार कुंड्या घालवता. नवी रोपं बारीक नायलॉनच्या जाळीखाली वाढवा, निदान पहिला महिना.

इथे थांबा आणि जाणकाराला विचारा

तीन फवारण्यांनंतरही नवी फूट वळूनच येत असेल तर थांबा. दोन कारणं एकत्र असतील किंवा आपली ओळख चुकली असेल, आणि तिसरी बाटली दोन्हींवर उपाय नाही. औषधाच्या डब्यावरच्या चौकोनात लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर घरात आणूच नका. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, मग हिरवा. बाल्कनीत वाळत घातलेले कपडे असतात, पोरं असतात, कबुतरं असतात. दुकानदार दोन-तीन औषधं एकत्र करून "हे मारा, सगळं जातं" म्हणाला तर पिशवी परत करा.

आणि मिरची विकायची असेल, मग ती पाच गुंठ्यांवर का असेना, तर पहिल्याच आठवड्यात विचारा. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस सोडायचे हे लेबलवर लिहिलेलं असतं आणि ते तुमच्या गिऱ्हाइकाच्या पोटाशी संबंधित आहे.

विचारायचं कुणाला? शहरातल्या माणसाला वाटतं कृषी खातं आपल्यासाठी नाही. अनुदानाला सातबारा लागतो, सल्ल्याला लागत नाही.

सगळ्यात सोपं, किसान कॉल सेंटर, १८००-१८०-१५५१. जानेवारी २००४ पासून चालू आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात, फोन फुकट. पहिल्यांदा जिल्हा आणि तालुका विचारतात, इथे नवी मुंबईकर अडखळतात. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे रायगड, तालुका पनवेल. हे बरोबर सांगा, कारण पुढचा माणूस त्यावरून ठरतो. पहिल्या माणसाला उत्तर येत नसेल तर तो वरच्या तज्ज्ञाला फोनवर घेतो. तसं विचारायला लाजू नका.

बोलणं कसं होतं ते सांगते. खारघरच्या एका काकूंनी माझ्यासमोर स्पीकरवर लावला होता.

"पानं आखडलीत, काय मारू?"

"ताई, पानाची वाटी वर आहे की खाली? लागवड कधीची? आधी काय फवारलंत?"

तीनही प्रश्नांना काकू माझ्याकडे बघायला लागल्या. फोन करण्याआधी एवढं कागदावर लिहून ठेवा: पान कुठे वळतं, कुंडीत की जमिनीत, रोप लावल्याला किती दिवस झाले, कागदावर काय पडलं, कुठलं औषध किती प्रमाणात कधी मारलं. औषधाचं नाव म्हणजे कंपनीचं नाव नव्हे, डब्यावर खाली बारीक अक्षरात असतं ते. एवढं सांगितलं की उत्तर दोन मिनिटांत मिळतं, नाहीतर सर्वसाधारण सल्ला मिळतो आणि आपण म्हणतो सरकारी लोक काही सांगत नाहीत.

ज्यांची जमीन आहे, मुरबाड-शहापूरकडे, भिवंडीच्या आतल्या गावांत, पनवेलच्या पलीकडे, त्यांनी गावाचा कृषी सहायक गाठावा (२०२५ पासून पदाचं नाव सहाय्यक कृषी अधिकारी). तो कुठे बसतो हे तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कार्यालयात कळतं. फोनवरच्या माणसाला तुमचं रान दिसत नाही, याला दिसतं. एका माणसाकडे बरीच गावं असतात, उद्याच येईल अशी आशा नको. दोन-तीन आजारी शेंडे कागदात गुंडाळून, वर छिद्रं पाडलेल्या पिशवीत घालून, सकाळीच घेऊन गेलात तर काम लवकर होतं. आदल्या रात्री तोडून फ्रीजमध्ये ठेवलेलं पान चालत नाही, जीव पळालेले किंवा मेलेले असतात. सोबत एक निरोगी फांदीही न्या, फरक दाखवायला.

त्यापुढची पायरी कृषी विज्ञान केंद्र. रायगडचं किल्ला-रोह्याला आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. दुसरं डहाणूजवळ कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांमुळे आपल्याला नावाने माहीत असलेल्या त्याच कोसबाडला. १९७६ सालचं हे केंद्र आधी ठाणे जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा फुटला आणि ते पालघरमध्ये गेलं. इथे कीड, माती, भाजीपाला यांचे वेगवेगळे विषयतज्ज्ञ असतात, प्रशिक्षणं होतात, आणि नवं वाण किंवा नवी पद्धत शेतकऱ्याच्याच रानात लावून दाखवतात. चार कुंड्यांसाठी डहाणू गाठणं मूर्खपणा आहे. अर्धा एकर मिरची असेल तर एक दिवस मोडायला हरकत नाही.

खाडीकाठच्या जमिनीत मिरची लावणाऱ्यांना पानांच्या कडा करपण्याचा त्रास वरचेवर असतो आणि ते त्याला चुरडा-मुरडाच समजतात. फवारणीवर पैसे घालण्याआधी माती तपासून घ्या. मृदा आरोग्य पत्रिकेत, म्हणजे माती तपासणीच्या सरकारी अहवालात, १२ गोष्टी मोजलेल्या असतात, सामू (पीएच) आणि क्षारता त्यातच येतात. नमुना घेताना इंग्रजी व्हीच्या आकाराचा खड्डा, वीतभर खोल, शेतात सात-आठ ठिकाणी. बांधाजवळून, झाडाखालून, खताच्या ढिगाजवळून नको. सगळी माती एकत्र करून सावलीत वाळवा आणि अर्धा किलो द्या. क्षारता जास्त निघाली तर पनवेलला विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे, त्यांचं कामच ते. कुंडीच्या मातीसाठी मात्र ही तपासणी करू नका. कुंडीतली माती बदलणं तपासण्यापेक्षा स्वस्त पडतं.

या लोकांकडून काय मिळणार नाही तेही सांगते. ते घरी येऊन फवारणी करत नाहीत. शनिवार-रविवारी तालुका कार्यालय बंद असतं. "सेंद्रियच सांगा" म्हटलं तर सेंद्रिय सांगतील, पण ते न सांगता गेलात तर शेतकऱ्याला सांगतात तो लेबलप्रमाणेचा रासायनिक सल्ला येईल, आणि तो एकरी प्रमाणात असेल. लिटरचं प्रमाण तिथल्या तिथे विचारून घ्या, घरी येऊन भागाकार करू नका. सल्ला फोनवरचा असेल तर औषधाचं नाव आणि प्रमाण त्यांना परत वाचून दाखवा. दुकानात तोच कागद दाखवा, आणि दुकानदार "ते नाही, पण हेही तसंच आहे" म्हणाला तर घेण्याआधी पुन्हा तोच नंबर लावा.